बांधाकडेचं गवत

बांध कोरणं ही आमच्याकडं चोरी धरत नाहीत. नांगरताना फाळ जरा पलीकडं धरायचा, एवढंच. माझे सासरे दर उन्हाळ्यात तो चिमाजीतात्यांच्या बाजूला धरत आले. तात्या त्यांचे चुलतभाऊ. दोघं भांडले, बोलायचे थांबले, आणि सासरे गेले तेव्हा आमच्या वावरात तात्यांच्या रानाचा दोन हात रुंद पट्टा आला होता.

हे, म्हणजे माझे मालक, मंचरच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जायला लागून वर्ष होत आलं होतं. दारू कधी पीत नव्हतेच, त्यामुळं येशूनं सोडवली असंही म्हणता येईना. फक्त परत आले की आमच्या लेकीला, समृद्धीला, पोटावर घेऊन पडायचे, आणि तोंडावर असं काही असायचं की मला हेवा वाटायचा. मला तसं कधी झालं नाही. टीव्ही आला, महिनाभर बरं वाटलं, मग मिक्सर हवासा झाला. "रविवारी चल की," हे म्हणायचे. मी म्हणायचे, बघू.

त्या मे महिन्यात ह्यांनी कुदळ घेतली आणि खपून खपून बांध हद्दीच्या जुन्या दगडाच्या रेषेत नेऊन घातला. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, त्या दिवशी चूल पेटवली नाही. बापानं मिळवलं ते पोरानं उधळलं, म्हणाल्या. हे एवढंच बोलले, "आई, देवापुढं गुडघं टेकायचं आन् पाय दुसऱ्याच्या रानात. कसं व्हायचं?"

मला अभिमान वाटावा का राग यावा, कळेना. पोरीला उद्या काय राहणार, हेही मनात आलं.

तात्या अंगणात आले, पण बसले नाहीत.

"जमीन परत देणारा माणूस म्या जन्मात पायला न्हाई," ते म्हणाले. "येकतर तू येडा झालास रवींद्र, न्हाईतर वकील गाठलास. तुजा पट्टा मला नगं."

ह्यांनी चहा घ्या म्हटलं, तर तात्या चहालाही बिचकले.

पावसाळ्यात आमच्याकडं बाजरी उगवली, त्यांच्याकडं भुईमूग. मधला पट्टा कुणीच पेरला नाही. त्यात गवत कमरेला लागलं. लोक त्याला येशूचं रान म्हणून हसायला लागले. चांगलं केलं आणि ते कुणी घेतलंच नाही, तर त्यात समाधान कुठलं? हे मात्र तसेच. पोटावर पोरगी, तोंडावर तेच.

श्रावणात म्हशीची वैरण सरली. एका दुपारी समृद्धीला बाभळीखाली बसवून मी पट्ट्यातलं गवत कापलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. भारा बांधला, उचलायला वाकले आणि तशीच राहिले. हे कुणाचं? आमचं नाही, आम्ही देऊन टाकलं. तात्यांचं म्हणावं, तर त्यांनी घेतलं नाही. पोरगी पदर ओढत म्हणाली, आई, चल ना. पण घराच्या बाजूला पाऊल पडेना. ह्यांच्यावर चिडले, ह्यांच्या देवावरही चिडले, आणि शेवटी भारा तात्यांच्या गोठ्यापुढं नेऊन टाकला.

तात्यांची बायको सरूबाई शेण भरत होती. हे काय, म्हणाली. तुमच्या रानातलं गवत, मी सांगितलं. मग हात पुसून तिनं भारा सोडला आणि निम्मं गवत माझ्याकडं सारलं.

"ही कापायची मजुरी. ने," ती म्हणाली. "आन् म्हाताऱ्याशी तू बोलू नगं. मीच सांगते, आपल्याच रानातलं हाय म्हणून."

डोक्यावर गवत, कडेवर पोरगी, अशी घरी आले. आत काहीतरी हलकं झालं होतं. ते समाधान होतं का भारा निम्मा झाला म्हणून तसं वाटत होतं, अजून सांगता येत नाही. ह्यांना विचारलं, रविवारची मंचरची एसटी किती वाजता असते? ह्यांनी पुढं होऊन माझ्या कडेवरची पोरगी घेतली.

आत्या तेवढ्या म्हणाल्या, "सारी दुपार घातलीस आन् येवढंच गवत व्हय गं?"