पॉइंट ब्याऐंशी

"मॅडम, कुटं चुकलं तेवढंच बघा. मार्काचं न्हाय म्हणत मी," संघपाल म्हणाला आणि उत्तरपत्रिकेची झेरॉक्स त्यानं आमच्या शिलाई मशीनवर ठेवली. टेबल आमच्याकडे नाही.

मे महिन्यातली दुपार, साखर पेठेतलं आमचं पत्र्याचं घर. मी भुवनेश्वरी. एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर पॉवर सिस्टिम शिकवते, नऊ वर्षं झाली. कायम करतो म्हणणारे दोन प्राचार्य येऊन गेले, मी आहे तिथंच आहे. म्हणूनच की काय, नापासांशी माझं बरं जमतं.

संघपाल करकंबचा, वय सदतीस, चिंचोळी एमआयडीसीजवळच्या सबस्टेशनवर कंत्राटी ऑपरेटर. डिप्लोमानंतर बी.ई.ला आला, नोकरी सांभाळून एकेक विषय काढला आणि पॉवर सिस्टिम अ‍ॅनालिसिसला अडकला. मॅट्रिक्स मांडताना त्याला घाम फुटायचा. तसा हा माणूस ट्रान्सफॉर्मरचा नुसता आवाज ऐकून लोड किती ते सांगायचा! पण पेपरात आवाज कुठला यायला? पाच वेळा बसला. जुना अभ्यासक्रम यंदा बंद झाला, त्यामुळे ही शेवटची संधी. पास झाला असता तर पदवी, आणि वय संपायच्या आत कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीचा एक अर्ज. नाहीतर जन्मभर कंत्राटी. चाळीस हवे होते, पडले छत्तीस.

चार महिने दर रविवारी मी त्याला शिकवलं होतं. चिडतच पानं उलटत पाचव्या प्रश्नावर आले. लोड फ्लोचं गणित, आठ गुण. लाइनच्या टोकाला किती दाब, म्हणजे व्होल्टेज, उरतो ते काढायचं; पूर्ण दाब म्हणजे एक. संघपालनं पायरी न पायरी लिहून उत्तर काढलं होतं, पॉइंट ब्याऐंशी. आणि त्या सबंध पानावर तिरकी रेघ मारली होती. पुढच्या पानावर तेच गणित पुन्हा सुरू केलेलं, अर्ध्यात वेळ संपलेली. त्याचे दोन गुण मिळाले होते. खोडलेलं कुणी तपासत नाही.

मी कॅल्क्युलेटर घेतला. दोनदा करून पाहिलं. दोन्हीदा पॉइंट ब्याऐंशी.

"हे का खोडलंत, संघपाल?"

"तुमीच सांगितलेलं की. उत्तर पॉइंट पंच्याण्णवच्या खाली आलं तर कायतरी घोळ झालाय समजायचं, परत करायचं."

सांगितलं होतं. दरवर्षी सांगते, तेही मोठ्या तोऱ्यात. वर्गातली पोरं माझं निम्मंसुद्धा ऐकत नाहीत. हा एकटा ऐकत होता.

खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं. जमलं नाही.

"बरोबर होतं हो ते. मुद्दाम कमी दाबाचं गणित घातलं होतं. मीच घात केला तुमचा."

तो झेरॉक्सकडे बघत राहिला. मग जरासा हसला. "न्हाय मॅडम, तुमचं खरंच हाय. एवढ्या कमी दाबावर आमच्याकडं मोटरी जळत्यात. पेपरातल्या जळत न्हाईत, ते माझ्या ध्यानात आलं न्हाय."

त्यानं माझ्यावर ओरडावं असं मला फार वाटत होतं. मी आपली फेरतपासणी, विद्यापीठाला अर्ज, काहीबाही बडबडत सुटले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आता काय उपेग न्हाय," तो म्हणाला. "चारची ड्यूटी हाय. निगतो."

उंबऱ्याशी बूट घालताना थांबला. "धम्मप्रियाला मी सांगणार, मला येतच न्हवतं." धम्मप्रिया त्याची बायको, अंगणवाडीत मदतनीस आहे. "बरोबर आलेलं खोडलं म्हणलं तर तिला लई लागंल. तिचा फोन आला तर तुमीबी तसंच सांगा."

संध्याकाळी तिचा फोन आलाच.

"मॅडम, खरं सांगा. ह्यास्नी येतच न्हवतं का?"

मी मशीनवरची झेरॉक्स पालथी घातली.

"नाही," मी म्हणाले. "नव्हतं येत."

"असू दे मग," धम्मप्रिया म्हणाली. "मला वाटलं, थोडक्यात हुकलं."