मागच्या सीटवरची झोप

"पार्थ, ए पार्थ! ऊठ की रे, शाळा आली."

शाळेची व्हॅन फाटकाशी थांबवून मेरीने मागच्या सीटवरच्या पोराला खांद्याला धरून गदागदा हलवलं. तो कसाबसा खाली उतरला आणि फाटकापाशीच भडाभडा ओकला. फाटकावरच्या बाई म्हणाल्या, "गाडी लागते ह्याला. लिंबू द्या हुंगायला."

पुन्हा लिंबूच! थंडी पडल्यापासून मागे बसणाऱ्या सगळ्या पोरांच्या खिशात आयांनी लिंबं दिली होती. तरी पोरं शाळेपर्यंत पेंगायचीच.

"मला न्हाई लागत गाडी," खिडकीपाशी बसणारी दिशा ऐटीत म्हणाली. "माझी काच वर जातच न्हाई. गार वारा लागतो नुसता."

उघड्या काचेपाशी बसणाऱ्या पोरीला त्रास नाही, हे मेरीने हेरलं. तिचं स्वतःचंही डोकं रोज ठणकायचं. रविवारी चर्चमध्ये मात्र घसा फोडून गायलं तरी दुखत नसे. इतके दिवस गोळ्या गिळल्या, पण दुखणं व्हॅनमधूनच येतंय हे ध्यानात आलं नाही, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

आवाजाचंही तेच. दिवाळीपासून व्हॅन ट्रॅक्टरसारखी फडफडत होती आणि कोल्हारच्या पाटाकडेच्या वस्त्यांना ते भलतंच सोयीचं झालं होतं. लांबून आवाज आला की आया पोरांना बूट घालायला बसवत. मालक वैजनाथला तर त्याचं कौतुकच होतं.

मेरीने व्हॅन थेट कल्याण फिटरकडे नेली. त्याने इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं. धूर अडला नाही. तो मागच्या सीटखालून फुसफुसत वर आला. मॅट उचलली तर खाली पत्रा सडलेला, त्याखालच्या सायलेन्सरच्या पाईपला हात जाईल एवढं भोक, सगळं काजळीने काळंठिक्कर.

"मेरीताई, ह्या धुरात मानूस झोपला की उठतच न्हाई," कल्याण म्हणाला.

मेरीने फोन केला तसा वैजनाथ आला. वाकून बघायचे कष्टही त्याने घेतले नाहीत.

"रविवारी करू काम. तवर काचा उघड्या ठिवा. सायलेन्सरनं कुनी मरतं व्हय?"

"थंडीत पोरं काचा लावनारच. मी न्हाई नेनार ह्या गाडीतून."

"मग चावी ठिवा, मेरीबाई. ड्रायवर लई मिळत्यात."

नवरा गेल्यावर ती पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसली, तेव्हा चौकातली माणसं हातातला चहा सोडून बघत उभी राहिली होती. बाई गाडी पाटात घालणार, अशी सगळ्यांची खात्री. पुढे त्याच माणसांनी आपली पोरं तिच्या हवाली केली. ही चावी तिला जिवापलीकडे प्यारी होती. तिने ती वैजनाथच्या हातावर ठेवली.

"घ्या. कल्यान, आता तेवढा पाईप खोल."

"माझ्या गाडीचा पाईप?"

"तुमचाच हाय. आयांना दाखवते आन् आनून देते."

"हात लावशील तर बघ, कल्यान!"

कल्याणने दोघांकडे पाहिलं, पाना उचलला आणि व्हॅनखाली शिरला.

शाळा सुटल्यावर मेरी पोरांना घेऊन पाटाच्या कडेने चालत निघाली. खांद्यावर सडका पाईप, पुढे पोरांची वरात. दप्तरं जड, वाट लांब, पण एकही पोर पेंगत नव्हतं. लिंबं काढून त्यांनी भर रस्त्यात क्रिकेट मांडलं होतं. मेरी ओरडली, पण मनातून तिला बरं वाटलं.

वस्तीवर आवाज आला नाही म्हणून आया रस्त्यावर येऊन उभ्या होत्या. पार्थची आई पंकजा धावतच पुढे आली.

"काय झालं? गाडी कुटंय? आमचा तर जीव टांगनीला लागला!"

मेरीने पाईप तिच्यापुढे ठेवला. "घाल हात ह्या भोकात. ह्यातनं धूर पोरांच्या नाकात जात हुता. गाडी-बिडी लागत नव्हती कुनाला."

पंकजाने हात घातला. बाहेर काढला तेव्हा मनगटापर्यंत काळा झाला होता. ती हाताकडे बघतच राहिली. बाकीच्या आयाही गोळा झाल्या.

"आन् उद्या?" तिने विचारलं.

"उद्या माझ्याकडं गाडी न्हाई. चावी दिली. पन पोरं त्या गाडीत बसवू नगा. मी येते सकाळी, चालत नेते."

पार्थ आईला वळसा घालून धावत घरात गेला. रोज वस्तीवर त्याला व्हॅनमधून उचलून उतरवावं लागे. मेरीने त्याच्या पाठमोऱ्या पायांकडे डोळे भरून पाहिलं, पाईप पुन्हा खांद्यावर घेतला आणि पुढच्या वस्तीकडे वळली.