तपासणीआधीचे आठ दिवस

पाहुणे यायचे म्हटल्यावर घर झाडून घ्यावं, तसं रंगाऱ्याच्या बायकोने तपासणीआधी आठ दिवस नवऱ्याच्या अंगावरच्या लाल चट्ट्यांना दोन वेळा मलम चोळलं आणि ते पार फिके करून टाकले. मोठ्या डॉक्टरांसमोर माणूस जरा बरा दिसावा, एवढंच तिच्या मनात होतं. बाई पहिल्यापासून टापटिपीची.

चार वर्षं त्या चट्ट्यांना सगळे इसब म्हणत होते. मग कुणीतरी लिम्फोमाची, म्हणजे कातडीतच सुरू होणाऱ्या एका कॅन्सरची, शंका काढली. वर्षभरात दोनदा कातडीचा तुकडा काढून तपासला. दोन्ही वेळा उत्तर एकच, नक्की सांगता येत नाही. आज या आजाराच्या खास दवाखान्यात तिसरा तुकडा घ्यायचा होता. उत्तर मिळाल्याशिवाय उपचार सुरू होणार नव्हते. घाबरून घाबरून तिची भीतीसुद्धा बोथट झाली होती.

नर्सबाईंनी दिव्याखाली त्याची पाठ न्याहाळली. "शेवटचं मलम कधी लावलं?"

"मी कुठे लावतो? ते खातं हिच्याकडे," रंगारी म्हणाला.

"आज सकाळी," ती म्हणाली. "तपासणी असली की आधी आठ दिवस लावतेच मी. मागच्या दोन्ही वेळी लावलं होतं."

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. मलमाने चट्टा दबतो, मग तुकड्यात आजार नीट दिसत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. "तीन आठवडे काही लावू नका. मग तुकडा घेऊ."

"म्हणजे माझ्यामुळे वर्ष गेलं?"

"थोडंफार. पण हे आधी विचारायला हवं होतं, ते आमच्या लोकांचं चुकलं. हा आजार बहुतेकदा सावकाश चालतो."

तिला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही.

"ओल न खरवडता वरून रंग मारलास की गं," रंगारी शर्टाची बटणं लावत म्हणाला. "माझ्याकडे कामाला असतीस तर त्याच दिवशी घरी पाठवली असती." हसलं मात्र कुणीच नाही, तोही नाही.

तीन आठवडे ती त्याचं खाजवणं ऐकत भाजी चिरत राहिली. घास पोटात जायचा, चव कळायची नाही. चट्टे पुन्हा लालभडक झाले. तुकडा घेतला, पंधरा दिवसांनी उत्तर आलं. लिम्फोमाच होता, पण सुरुवातीचा. नर्सबाईंनी आपला नंबर लिहून दिला, केव्हाही फोन करा म्हणाल्या, आणि नवं मलम तिच्या हातात ठेवलं. "हे मात्र रोज लावायचं."

संध्याकाळी रंगारी शर्ट काढून स्टुलावर बसला. तिने ट्यूब त्याच्यापुढे धरली.

"तुमचं तुम्हीच लावा. माझ्या हातांचा मला भरवसा राहिला नाही."

त्याने छातीला लावलं, पोटाला, दंडांना. मग हात खांद्यावरून मागे नेला, कमरेकडून वर नेला. पाठीच्या मधोमध बोटं पोचेनात.

"अगं," तो भिंतीकडे बघत म्हणाला, "इथे माझा हात जात नाही."

ती हात धुवायला गेली.