दोन पार्ट्यांची चारी

पोर्तुगालची इनेस किनवटजवळच्या मुलींच्या वसतिगृहात वर्षभरासाठी स्वयंसेविका म्हणून आली. भाकरी थापता यायला लागली, 'लई' आणि 'न्हाई' जिभेवर बसलं, तोच निवडणूक लागली आणि गाव उभं फाटलं. एकीकडे शेषेराव, दुसरीकडे त्यांचेच साडू बजरंग. बाजारात दोन जीपच्या काचा फुटल्या, लगोलग बंद पुकारला गेला. तिच्या संस्थेचा फोन आला, "ताबडतोब हैदराबाद गाठ." पण बंदात गाठायचं कशानं?

"खोलीतून हलू नको," वसतिगृह सांभाळणाऱ्या पंचशीलाताईंनी बजावलं.

ती हलली नाही, गावच तिच्याकडं आलं. सकाळीच शेषेरावांच्या पार्टीची पोरं फेटा घेऊन फाटकात हजर. "मॅडम, रॅलीत चला की. नुसतं जीपवर उभं राहायचं." मागोमाग बजरंगची पोरं, वेगळ्या रंगाचा फेटा घेऊन. विदेशी मॅडम ज्याच्या जीपवर, त्याची हवा! बाह्या वर सरकल्या. एकानं दगड उचलला.

परक्या माणसानं इथल्या राजकारणात पडायचं नाही, हे इनेसला पक्कं ठाऊक होतं. पण 'न्हाई' म्हणावं, तर दगड सुटणार. तिची नजर आवारातल्या विहिरीवर गेली. तिथून न्हाणीपर्यंत पाइप गाडायला लांब चर हवा होता, खणायला माणूस मिळत नव्हता.

"चारी खणा," ती म्हणाली. "तुम्ही इकडून, ते तिकडून. जिंकेल त्याचा फेटा घालते."

पंचशीलाताईंनी तोंडाला पदर लावला आणि कुदळी काढून दिल्या.

मग काय विचारता! मातीचा नुसता धुरळा. खिडकीतून मुली दोन्हीकडच्यांना चेव आणून राहिल्या. ऊन डोक्यावर आलं, रॅलीची वेळ टळली, आणि मधल्या ढेकळात दोन कुदळी एकदमच बसल्या.

"आमची आधी!"

"हाव, तुमची! डोळे फुटले का?"

पण भांडायला अंगात दम कुणाच्या होता? ताईंनी सगळ्यांना एकाच पंगतीत पिठलं-भाकर वाढली. इनेसनं दोन्ही फेटे एकावर एक चढवले. "फेटा म्हणाले होते. जीप न्हाई म्हणाले."

"फसवलं की ओ बाईनं!" एक जण ओरडला, पण तोंडात घास होता.

इतक्यात शेषेराव तणतणत आले. त्यांच्या रॅलीला चार म्हातारे आणि एक बँडवाला. इनेसचा हात फेट्यावरच थबकला. त्यांनी चारी पाहिली, पंगत पाहिली.

"बजरंगची पोरं बी इथंच होती?"

"समदी," ताई म्हणाल्या.

"म्हंजे त्याच्या रॅलीला बी कुणी न्हवतं?"

"काळं कुत्रं न्हाई."

शेषेरावांच्या मिशा थरथरल्या. हसू दाबत ते साडूच्या पोरांशेजारीच मांडी घालून बसले. "मग ठीक हाय. वाढा."