चारीतली समाधी

"तू खाली गेलास ना, तर मी वर नाय थांबायची. सांगून ठेवते," असं म्हणत चांगुणा नवऱ्याच्याच खड्ड्यातली माती उपसत होती.

"मग वर काय तुझा बा थांबनार? मंत्र कोन म्हननार?" नाथा खड्ड्यातून बोलला.

"पाइपाला कसला आलाय मंत्र!"

"हळू बोल, बाई. गाव उठंल."

नाथा आमच्या गावचा जादूगार. रुमालातून कबूतर काढायचा, पत्ते उडवायचा. पण कबुतरावर आमचं गाव टाळी देत नाही. गावाला रक्त लागतं. म्हणून तो ट्यूबलाइट चावायला लागला, छातीवर दगड ठेवून घणानं फोडून घ्यायला लागला. दोन वर्षांत गावाला त्याचाही कंटाळा आला. दगड फुटायचा, नाथा धडधाकट उठायचा आणि माणसं तोंड वाकडं करून घरी जायची. माणूस मरतो का ते बघायला आमचं गाव कधी उशीर करत नाही. ग्रामसभेला बोलवा, सतरंजी टाकणारासुद्धा येत नाही.

सत्त्याण्णवच्या यात्रेला कमिटीनं नाशिकचा ऑर्केस्ट्रा आणायचं घाटलं. नाथाचं पोटच यात्रेवर. गावच्या स्टेजवर उभं राहिलं, की आजूबाजूची पंधरा गावं बोलवायची. घरच्या गावानं नाकारलेला जादूगार बाहेर कोण घेतो? तो गेला अध्यक्षाकडे. अध्यक्ष कोंडाजीदादा. निम्म्या शिवाराचा मालक, पांढरी टोपी, पांढरा लेंगा, आणि आपण बोललो ते खरंच असतं असा जन्मजात समज.

"तुझं तेच तेच कोन बघनार, नाथ्या?"

"दादा, एक तास जमिनीत गाडून घेतो. श्वास बंद. समाधी."

कोंडाजीचे डोळे लकाकले. "आन् मेलास तर?"

"तर ऑर्केस्ट्रा आना."

ठरलं. पडीक तुकडाही दादानंच दिला, चारीच्या कडेचा. चारी म्हणजे पाटाचं पाणी रानात नेणारी नाली. ती सध्या कोरडी होती. दादाच्या गव्हाची पाण्याची पाळी चार वाजता होती आणि खेळ अकराला. तेवढं बघूनच नाथानं पहाटे द्राक्षबागेतला दीड इंची काळा पाइप खड्ड्यातून काढून चारीच्या आतल्या अंगाला, हरळीच्या झुबक्यात सोडला होता.

अकराला सगळं गाव बांधावर. शेजारच्या गावची यात्रा कमिटीसुद्धा दादानं मुद्दाम बोलावली होती. दादा स्वतः खड्ड्यात उतरला, बॅटरी मारली, भिंती थोपटल्या.

"मी स्वतः तपासलंय!" तो गरजला. पाइपाच्या तोंडावर नाथाचं घोंगडं होतं, ते उचलायचं काही त्याला सुचलं नाही. "कायबी लबाडी नाय. निव्वळ योग!"

नाथा आडवा झाला. वर फळ्या, फळ्यांवर पत्रा, पत्र्यावर माती. चांगुणा डोळे मिटून पुटपुटायला लागली. ती पुटपुटत होती त्या नवऱ्याला शिव्या होत्या, पण लांबून मंत्रच वाटत होते.

चाळीस मिनिटं झाली. एवढ्यात पाटकरी बारकू धापा टाकत आला. चारीची दारं उघडून-मिटून पाणी वाटायचं काम त्याचं.

"दादा, तुमचं पानी सोडलं! आधीच्याला म्हनलं, लवकर उरक. चार वाजेपर्यंत दारावर बसलो असतो तर माझा खेळ बुडाला असता ना!"

"शाब्बास!" दादा म्हणाला.

चांगुणाचे डोळे खाडकन उघडले. चारीच्या वळणावर पाणी दिसत होतं. पालापाचोळा पुढं ढकलत, भेगांमध्ये मुरत, सावकाश येत होतं.

"दादा, पानी थांबवा! आत माझा मालक हाय!"

"त्याला काय हुतंय? श्वासच घेत नाय तो. तूच सांगितलं ना सकाळी?"

"अवो, पन ओल लागंल..."

"समाधीला ओल लागत नाय. अन् माझा गहू दान्यात हाय, त्याला लागतं पानी."

आता काय बोलणार? पाइप सांगावा तर स्टेज गेलं, न सांगावा तर कुंकू गेलं. चांगुणानं फावडं उचललं, धावत जाऊन खड्ड्याच्या अलीकडं चारीचा काठ फोडला आणि पाणी शेजारच्या मंगळूच्या कांद्यात वळवलं.

आमच्याकडं माणूस पळवला तर लोक चौकशी करतात. पाणी पळवलं तर डोकी फुटतात.

"पानीचोर!" दादा पायातला जोडा तिथंच टाकून धावला. त्यानं हातानं चिखल ओढून फोडलेला काठ बुजवला. तिनं परत फोडला. त्यानं परत बुजवला. गाव समाधी विसरून या खेळाला सरकायला लागलं.

"लांब राहा सगळे!" दादा ओरडला. "माझं पानी, मी बघतो!"

बुजवता बुजवता पाण्याची एक धार पुढं निसटली आणि हरळीच्या झुबक्यातून खोकल्याचा आवाज आला. दादानं हरळी बाजूला केली. काळं गोल तोंड. त्यानं कान लावला.

"चांगुणे," हरळी म्हणाली, "कोन मुतलं गं वर?"

दादा पांढराफटक. मग लाल. मग त्यानं पाइपाला तोंड लावलं. "नाथ्या, हरामखोरा! योग हाय व्हय ह्यो?"

"दादा? तुमी? दादा, वारा येऊ द्या, पाया पडतो!"

"सांगतेच आता सगळ्यांना," चांगुणा रडत म्हणाली. "खड्डा उकरा. नको मला स्टेज."

"गप!" दादानं दातओठ खाल्ले. "मी स्वतः तपासलंय म्हनून दोन गावांसमोर वरडलोय. काय तोंड दाखवू?"

"मग माझा मानूस मारता का?"

दादानं गव्हाकडं बघितलं. दोन कमिट्यांकडं बघितलं. काठ आता चांगलाच फुटला होता, पण निम्मं पाणी अजून सरळच येत होतं. शेवटी अध्यक्षमहाराज पांढऱ्या लेंग्यासकट चारीत बसले. पाण्याकडं पाठ, पाइपाकडं तोंड. अंग भरदार होतं, चारी अरुंद होती. पाणी पाठीला तटलं आणि सगळं मंगळूच्या कांद्यात गेलं.

पाहुण्यांचा अध्यक्ष लांबून ओरडला, "दादा, हे काय?"

"सत्याग्रह!" दादा म्हणाला. "पान्यावरनं भांडनं नको गावात!"

टाळ्या पडल्या. मंगळू तर भारावून गेला. "दादा, आजून थोडं बसा. दोनच वाफे ऱ्हायलेत."

पंधरा मिनिटं. दादाचे दात वाजत होते. मधे मधे पाइपातून आवाज यायचा, "दादा, किती ऱ्हायलं?" आणि दादा दबक्या आवाजात अशी शिवी द्यायचा, की कागदावर नाही लिहिता येणार.

तास भरला. माती उपसली, पत्रा काढला. नाथा बाहेर आला, दोन्ही हात वर करून. गाव वेडं झालं. पाहुण्यांनी तिथल्या तिथं आपल्या यात्रेचं आमंत्रण दिलं.

"दादा, तुमी तर शेजारीच बसला होता," कुणी तरी विचारलं. "श्वास जाणवला का?"

चिखलानं माखलेले दादा दोन जणांच्या आधारानं उभे राहिले. एकदा नाथाकडं बघितलं, एकदा पाहुण्यांकडं.

"टिपूस नाय," ते म्हणाले. "स्टेज नाथाचंच."

मग नाथाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, त्याला खांद्यावर घेतलं. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू. चांगुणाला कुणी विचारलं नाही, ना हार, ना पाणी प्यायला. ती कुठं आहे म्हणून वळून बघितलं तर बाई पदर खोचून मंगळूकडचा काठ लिंपत होती. दादा बसले होते तिथून पाणी पुढं सुटलं, गव्हाच्या दिशेनं. पाळी संपायला अजून अर्धा तास होता.

"ए योगी!" ती गर्दीच्या डोक्यावरून ओरडली. "उतर खाली. हार काढ अन् गव्हाला दार धर. दादाचं पानी खाल्लंय आपन."

नाथा उतरला. हार मात्र काढला नाही. त्या हारासकट तो गुडघाभर चिखलात, वाफ्यावाफ्यात पाणी वळवत, दार धरत होता, आणि ते बघायला एक माणूस थांबला नाही.