ठक्क म्हटलं की थांबायचं

मी एक मार खाल्लेली जुनी फळी आहे, मित्रांनो. एकदा-दोनदा नव्हे, जन्मभर मार खाल्ला मी. सध्या नटांच्या खोलीत माझ्यावर लोखंडी किटली ठेवतात आणि तिच्या बुडाच्या काजळीने माझं तोंड काळं झालंय. पण हसायचं काम नाही. जपानातल्या एडो शहराच्या नाटकवस्तीत एके काळी माझ्या आवाजाशिवाय कुणाला धड मरताही येत नव्हतं.

काबुकी म्हणजे आमची नाटकं, त्यांतली मारामारी खोटी असते. एक जण वार करतो, दुसरा कोलांटी खाऊन पडतो, आणि दोघांच्या मध्ये चांगलं हातभर अंतर असतं. तलवार बांबूची, वर चंदेरी कागद. तिने दुधीसुद्धा चिरायचा नाही. मग बघणाऱ्यांच्या छातीत धडकी भरवणारा तो आवाज येतो कुठून? तो माझा. रंगमंचाच्या कडेला एक माणूस गुडघे टेकून बसतो, मला पुढ्यात ठेवतो आणि दोन्ही हातांत ओकचे ठोकळे घेऊन मला हाणतो. थोबाडीत मारली त्याच्या, लागली मला. मुंडकं उडालं तिकडे, दणका बसला इकडे. मार खायला मी आणि वाहवा घ्यायला ते!

माझा जन्मही मारहाणीतच झाला. मी केयाकीच्या झाडाची. कुऱ्हाडीने पाडली, करवतीने चिरली, रंध्याने तासली. एवढ्यावर भागलं नाही म्हणून सुताराने आम्हां फळ्यांना ओळीत मांडलं आणि एकेकीला हाणून पाहिलं. ज्या नुसत्या 'भद्द' वाजल्या त्या चुलीत गेल्या. मी 'ठक्क' म्हणाले, म्हणून वाचले. मला निवडणारा माणूस म्हणजे गेनपाची. बुटका, रुंद मनगटांचा आणि तोंडाचा फटकळ. मला काखेत मारून नेताना तो सुताराला म्हणाला, "ही माझ्या बायकोपेक्षा खणखणीत बोलते रे!"

त्यानंतर मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! मालकाचा वंश वाचावा म्हणून पोटच्या पोराचं मुंडकं पेटीत घालून देणारा सरदार पाहिला. विष देऊन मारलेली बायको भुताच्या रूपाने परत येताना पाहिली. बापाच्या खुन्याला चिखलात लोळवून मारणारे लेक तर मोजायचेच नाहीत. रोज सकाळपासून दिवस मावळेपर्यंत माझ्या अंगावर ही कत्तल चालायची. मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू?

पण माझं खरं काम मारणं नव्हे. थांबवणं. लढाई ऐन रंगात आली की गेनपाची मला दोनदा हाणायचा. ठा... ठक्क! त्यासरशी नट जागच्या जागी थिजायचा. पाय रोवलेला, हात ताणलेला, मान गर्रकन फिरून थबकलेली, डोळे वटारलेले. आम्ही त्याला मिए म्हणतो, तुम्ही ठाण म्हणा. ठाण मांडलं की माशी नाकावर बसली तरी हलायचं नाही. प्रेक्षक त्या क्षणाला नटाच्या नावाने ओरडतात आणि त्या ओरडण्यावर नट जगतो.

आमच्या नाटकघराचा मोठा नट होता हायाझो. ते नाव त्याच्या घराण्याचं, बापाकडून मुलाकडे आलेलं. त्याला दोन मुलगे. थोरला ताकिनोजो पोटचा, धाकटा कुमेजिरो दत्तक घेतलेला. हायाझोने दोघांना शिकवलं ते माझ्यावर. पोरं जेवत असोत, भांडत असोत, अंघोळीच्या पिंपात असोत, बाप गेनपाचीला खूण करायचा. ठा... ठक्क! की दोघांनी असतील तिथे थिजायचं. हललं तर बापाचा पंखा पाठीत बसायचा, आणि तो पंखा लोखंडी काड्यांचा होता. पाठीवर वळ उठलेले मी पाहिलेत.

एकदा ताकी कुमेचा कान पिरगाळत होता. कुमे बोंबलत होता. गेनपाचीने मला हाणलं आणि दोघं तसेच थिजले. एकाच्या हातात कान, दुसऱ्याच्या तोंडात तांदळाची अर्धी मोची-वडी.

"काका, हलू का? कान तुटतोय!" कुमे ओठ न हलवता म्हणाला.

"तुटू दे. दुसरा आहे की!" गेनपाची म्हणाला.

ताकीला हसू आवरेना, पण तो हलला नाही. इतकी ती सवय त्यांच्या हाडांत गेली होती.

पोरं मोठी झाली, नावाजली. बाप म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी सगळी मंडळी भोवती बसली असताना त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "नाव कुमेला." बस. का, कशासाठी, काही नाही. डोळे मिटले ते मिटलेच.

दत्तक मुलाला नाव मिळणं आमच्याकडे नवं नाही. पण पोटच्या पोराला काय वाटलं असेल? ताकी बापाच्या तिरडीमागे चालला, सगळे विधी केले, धाकट्याच्या नव्या नावाच्या समारंभात गुडघे टेकून, डोकं जमिनीला लावून लोकांना विनंतीही केली की या नव्या हायाझोला सांभाळून घ्या. तोंडातून ब्र काढला नाही. मला त्याचीच भीती वाटली. आरडाओरडा करणारा माणूस बरा, मित्रांनो. गप्प बसणाऱ्याच्या पोटात काय शिजतंय ते कळत नाही.

त्या वसंतात सुडाचं नाटक लागलं. ताकी सूड घेणारा, कुमे खुनी. म्हणजे ताकीने कुमेला रोज मारायचं, आणि रोज मेल्यावर कुमेने उठून हायाझो म्हणून लोकांचा जयजयकार घ्यायचा. काय दैव एकेकाचं!

एका दिवशी मासळी बाजारातली टोळी साके पिऊन पुढे बसली होती. ताकीने असं काही ठाण मांडलं की माझ्याच अंगावर शहारा आला. क्षणभर सगळं नाटकघर गप्प झालं. आणि टोळीतला एक जण ओरडला, "नाक बापाचं आणलंस रे, पण नाव कुठाय?"

सगळे खो-खो हसले. ताकी ठाण सोडून हलला नाही, पण त्याच्या मानेची शीर तडतडताना गेनपाचीला दिसली.

खेळ संपल्यावर गेनपाची त्याच्याजवळ गेला. "मनावर घेऊ नकोस. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही."

"लोक बोलतात त्याचं काही नाही, काका," ताकी चेहऱ्यावरचे लाल-काळे पट्टे पुसत म्हणाला. "बाप मला काहीच देऊन गेला नाही, हे खरं आहे ना? पंख्याचे वळ तेवढे दिले."

"लेका, झोप जरा. डोळे बघ कसे झालेत."

"उद्या झोपेन," ताकी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच नाटकाचा तोच प्रवेश. मागे पडक्या देवळाचा देखावा, मध्ये चिखल दाखवणारं काळं कापड. ताकी नेहमीसारखा माझ्याजवळ गुडघ्यावर बसला आणि त्याने तलवार म्यानासकट जमिनीवर ठेवली. बांबूची तलवार ठेवली की 'टक' वाजतं. त्या दिवशी 'धप्प' वाजलं. लाकूड आहे मी, वजन मला कळतं. ती त्याच्या बापाची तलवार होती, घरच्या देव्हाऱ्यापुढची. पोलादी.

गेनपाचीलाही कळलं. त्याचे ठोकळे हवेतच राहिले. पण करणार काय? आमच्याकडे आकाश कोसळलं तरी चालू प्रवेश थांबत नाही. आणि त्याला वाटलं, आपल्या कानांचा दोष असेल, वय झालं आपलं.

पहिला वार झाला. कुमेच्या हातात बांबूचा सोटा होता. तो रोज वार अडवायचा आणि रोज शाबूत राहायचा. त्या दिवशी त्याचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा प्रेक्षकांत जाऊन पडला. लोक खूश! कुमेने हातातल्या अर्ध्या सोट्याकडे पाहिलं, मग भावाच्या डोळ्यांत पाहिलं. त्याला सगळं समजलं.

दुसरा वार खांद्यावर बसला. बाही फाटली, मांस फाटलं आणि रक्त भळभळून काळ्या कापडावर आलं. मी रंगवलेलं रक्त आयुष्यभर पाहिलंय. ते पातळ असतं आणि त्याला वास नसतो. हे ऊन होतं. दोन थेंब माझ्यावर उडाले.

"वाहवा! काय रक्त काढलंय!" मासळीवाले ओरडत होते. "हायाझो! हायाझो!"

ते नाव ऐकून ताकीचं उरलंसुरलं भानही गेलं. त्याने कुमेच्या कंबरेत लाथ घातली. ही लाथ नाटकात नव्हती. कुमे गुडघ्यांवर आला. त्याने पळायला हवं होतं, पण रंगमंच सोडून पळणं त्या घराण्यात कुणाला शिकवलंच नव्हतं. तो हळूच म्हणाला, "दादा..."

ताकीने दोन्ही हातांनी तलवार डोक्यावर उचलली. काळ्या कपड्यातले मदतनीस, ज्यांना असूनही नाहीत असं मानायची आमची रीत आहे, ते धावले, पण ते लांब होते. पुढच्या श्वासाला मुंडकं उडणार होतं आणि या वेळी त्याचा दणका माझ्यातून निघायचा नव्हता.

तिथे ठाण नव्हतं, मित्रांनो. नाटकात त्या जागी ठाण नाहीच. तिथे फक्त भराभर ठोके आणि मग वार. पण गेनपाचीने दोन्ही ठोकळे डोक्याच्या वर नेले आणि असे हाणले, असे हाणले की आयुष्यात तसा मार मला पडला नव्हता.

ठा... ठक्क!

माझ्या अंगातून या टोकापासून त्या टोकापर्यंत वीज गेली. मी तडकले. आणि ताकी थांबला.

डोकं सुडाने पेटलेलं, पण अंग बापाने घडवलेलं. पाय आपोआप रोवला गेला, मान गर्रकन फिरून थबकली, डोळे वटारले, तलवार कपाळावर तशीच तोलून राहिली. खाली कुमेही थिजला. रक्ताने भिजलेला हात पुढे, पंजा उघडा, मान वर. दोघं भाऊ एकमेकांसमोर, लहानपणी कान पिरगाळताना थिजले होते तसेच. गेनपाची मला एकसारखा हाणत राहिला, फुटलेल्या आवाजात, रडत, आणि तोवर पडदेवाल्याने पडदा ओढत नेला.

पडद्यामागेही ताकी हलेना. मुठी सुटेनात. कुमे धडपडत उठला आणि चांगल्या हाताने त्याचं एकेक बोट सोडवू लागला. "दादा, सोड. पडदा पडलाय. सोड ना रे."

तलवार खाली पडली. मग ताकीने त्या काळ्या कापडावर असा टाहो फोडला की बाहेरच्यांना तो नाटकातलाच वाटला.

नाटकघराचा मालक धावत आला. कुमे त्याला म्हणाला, "आज रंग जरा जास्त सांडला, मालक." मालकाने पोलादी पात पाहिली, जखम पाहिली आणि तोंड मिटलं. पण ताकीला त्याने सांगितलं, "माझ्या रंगमंचावर पुन्हा पाय ठेवायचा नाही." कुमेचा खांदा शिवला गेला, पण तो हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही.

ताकी नाटकघराच्या मागच्या दारात बसून होता. गेनपाची मला घेऊन त्याच्या शेजारी बसला. माझ्या तडकलेल्या अंगावरून अंगठा फिरवत म्हणाला, "बाप काही देऊन गेला नाही म्हणत होतास ना?"

ताकीने माझ्या भेगेकडे पाहिलं.

"मग गाढवा, आज थांबलास कुणाच्या जोरावर? नाव एकालाच देता येतं. हे त्याने दोघांना दिलं होतं."

मग गेनपाचीनेच विचारलं, "हात अजून शिवशिवतायत?"

"हो."

"मग उद्यापासून फळीला मार. मालकाशी मी बोलतो. तू कडेला बसायचंस, आत पाय ठेवायचा नाही."

तसं झालं. नवी फळी आली. मी फुटकी. माझ्यातून आता 'भद्द'च वाजतं, त्यामुळे माझी रवानगी किटलीखाली झाली. गेनपाची गेला, त्याला बराच काळ लोटला. ताकी कडेला बसून नव्या फळीला हाणतो आणि त्याच्या ठोक्यावर धाकटा हायाझो लढतो, पडतो, मरतो. लोक म्हणतात, त्या ताकीइतका जीव तोडून मारणारा दुसरा नाही. मला तेव्हा हेवा वाटतो, आणि बरंही वाटतं. त्याचा सगळा राग लाकडाला मिळतो, भावाला फक्त आवाज मिळतो.

दोघंही आता म्हातारे झालेत. परवा सकाळी ताकीने किटली उचलली आणि माझ्यावरची काजळी बाहीने पुसली. तो भेगेकडे बघत बसला. भेगेजवळ दोन काळे डाग आहेत, ते मात्र त्याने पुसले नाहीत. मग कुणी बघत नाही असं पाहून त्याने बोटांच्या पेरांनी मला हळूच दोनदा वाजवलं. भद्द... भद्द. फुटक्या मडक्यासारखा आवाज.

पलीकडे हायाझो सोबा खात होता. त्याच्या काड्या तोंडाशी थांबल्या, शेवया लोंबत राहिल्या, डोळे वटारले गेले. इकडे ताकीही थिजला होता, स्वतःच वाजवून!

"दादा," हायाझो ओठ न हलवता म्हणाला, "हलू का? सोबा गार होतोय."

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मला देव्हाऱ्यात ठेवू नका, किटलीखाली मी सुखात आहे. पण तुमच्या घरातही कुणीतरी तुम्हांला पाठीवर वळ न उठवता थांबायला शिकवत असेल, तर त्यांचं ऐका आणि ती सवय जपा. रागाने हात वर गेला की माझी आठवण काढा. माझ्यातून आता 'ठक्क' निघत नाही, तेव्हा तो ठोका तुमचा तुम्हांलाच ऐकावा लागेल.