इंदुबाईंचा पामटॉप

मी पामटॉप बोलतोय. तळहातावर मावणारा, करड्या पडद्याचा, काडीने टोचून चालवायचा संगणक. तुम्ही मला पाहिलं नसेल तर त्यात तुमची काही चूक नाही. पुण्यात एखादा उड्डाणपूल बांधायला घेतल्यापासून तो पुरा होईपर्यंत माझा जमाना उरकलासुद्धा.

माझा पहिला मालक राकेश. हिंजवडीतल्या एका कंपनीत साहेब होता. अमेरिकेहून येताना त्याने मला आणलं आणि चामडी पाकिटात घालून कमरेच्या पट्ट्याला लटकवलं. मीटिंगला गेला की आधी मला टेबलावर ठेवायचा, मग स्वतः खुर्चीत टेकायचा. माझ्यात लिहायचा काय? बायकोचा वाढदिवस लिहिला होता. तो दिवस आला तसा मी इमानाने वाजलो, तर मीटिंगमध्ये व्यत्यय नको म्हणून त्याने मला गप्प केलं. घरी पुढे काय झालं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी बोलणी मी खाल्ली.

मग खिशातला फोनच सगळी कामं करू लागला. कंपनीने आम्हाला बनवणं थांबवलं. राकेशच्या पट्ट्यावर नवं पाकीट आलं आणि मी बुधवार पेठेतल्या एका दुकानात, तुटक्या रिमोटांच्या टोपलीत जाऊन पडलो.

तिथून मला उचललं नारायण पेठेतल्या अनिरुद्धने. आमच्यासारख्या बंद झालेल्या हातसंगणकांना नवी सॉफ्टवेअर लिहून कामाचं ठेवायचं, असं त्याचं आणि त्याच्या मित्रांचं एक मंडळ होतं. मला पाहून अनिरुद्धचे डोळे पाणावले. त्याच्या बायकोचेही पाणावले, पण तिचं कारण वेगळं होतं. तिच्या स्वयंपाकघरातली डब्यांची फळी माझ्या भाऊबंदांनी आधीच बळकावली होती.

दर रविवारी सकाळी मंडळ जमायचं. त्यांनी माझ्यासाठी पंचांग लिहिलं. ग्रहणं सांगणारं सॉफ्टवेअर लिहिलं. साबुदाणा भिजत घालायची आठवण करणारा गजर लिहिला. "आहे की नाही अजून उपयोगी?" असं ते एकमेकांना विचारत, माना डोलावत, आणि पुढच्या बैठकीची तारीख आपापल्या मोबाइलमध्ये लिहून घरी जात. मला रोज कापडाने पुसलं जाई. एवढी माया आणि एवढा रिकामपणा मी पूर्वी कधी अनुभवला नव्हता.

त्या मंडळात ऋतुजा नावाची एक प्रोग्रामर मुलगी यायची. एका रविवारी ती म्हणाली, "काका, माझ्या मावशीसाठी एक करायचंय. यावर मोठ्या देवनागरी अक्षरांत वाक्यं दाखवता येतील?"

तिची मावशी म्हणजे येरवड्याच्या इंदुबाई. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेल्या. त्यांच्या जिभेला साहेबसुद्धा वचकून असत. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता, आणि सांधेवाताने बोटं अशी वाकली होती की पेन धरवत नव्हतं.

अनिरुद्ध म्हणाला, "अक्षरं दाखवायची? याला सॉफ्टवेअर नाही म्हणत ऋतुजा, याला पाटी म्हणतात."

तरी विषय देवनागरीचा निघाला म्हणून मंडळ पेटलं. जोडाक्षर उभं मांडायचं की आडवं, यावर कितीतरी रविवार भांडण चाललं. दोन सभासद एकमेकांशी बोलेनासे झाले. ज्यांचा आवाज शाबूत होता त्यांनी तो असा वाया घालवला. शेवटी ऋतुजाने सगळं एकटीनेच लिहिलं, आणि "जरा वापरून बघते" म्हणून मला घेऊन गेली.

अक्षरांचे मोठे चौकोन. बोटाच्या पेराने दाबले तरी चालत. वाक्य झालं की मी "टीं" करायचो आणि पडदाभर ते झळकायचं.

इंदुबाईंनी मला हातात घेतलं तेव्हा शेजारच्या विमलाबाई आल्या होत्या. नेहमीसारख्या त्या कानाशी येऊन ओरडल्या, "इंदुताईऽऽ, बरं वाटतंय काऽऽ?"

इंदुबाईंनी हळूहळू चौकोन दाबले. टीं.

"घसा गेलाय. कान नाही."

विमलाबाई मटकन खाली बसल्या. मग दोघी हसल्या. इंदुबाईंच्या हसण्याला आवाज नव्हता, पण कॉट हलत होती. राकेशपासून अनिरुद्धपर्यंत कोणाच्याही हातात मला असं थरथरायला झालं नव्हतं.

इंदुबाईंचा मुलगा प्रसेनजित. चांगल्या नोकरीतला, आईवर जीव असलेला, आणि आईला काहीही न विचारणारा. तिची आबाळ होते म्हणून येरवड्याचं घर विकायचं आणि तिला बाणेरला आपल्या चौदाव्या मजल्यावर न्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं. एके दिवशी तो घर बघायला गिऱ्हाईकच घेऊन आला. त्या गृहस्थाने गॅलरी पाहिली, मोरी पाहिली, भिंतीवर टकटक करून पाहिलं. इंदुबाईंकडे पाहिलं नाही.

"आईंचं काय म्हणणं आहे?" त्याने जाता जाता रीत म्हणून विचारलं.

"आईचं काही म्हणणं नाही," प्रसेनजित म्हणाला.

टीं.

दोघांनी वळून पाहिलं. इंदुबाईंनी मला दोन्ही हातांनी समोर धरलं होतं.

"आहे."

इंदुबाई पुन्हा चौकोन दाबू लागल्या. एकेक अक्षर, एकेक मात्रा. त्यांना थांबवायची कोणाची छाती झाली नाही.

"घर माझ्या नोकरीतून झालं. बघितलंत, छान. विकायचं नाही."

गिऱ्हाईक चपला शोधू लागलं. ते गेल्यावर प्रसेनजित कॉटच्या कडेला बसला. "आई, तू इथे एकटी. मला काळजी वाटते गं. तिकडे सगळं आहे."

"तिथे भांडू कोणाशी?" इंदुबाईंनी लिहिलं. खाली विमलाबाई पाण्याच्या टँकरवाल्याशी हुज्जत घालत होत्या, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. प्रसेनजितला हसू आलं, आणि हसता हसता तो रडला. त्याच्या पाठीवर एक हात ठेवून इंदुबाईंनी दुसऱ्या हाताने लिहिलं, "काळजी कर. आधी विचारत जा."

ही हकीगत मंडळापर्यंत पोचली. लगेच मंडळाच्या वेबसाइटवर झळकलं, 'आमच्या अथक प्रयत्नांना यश.' ऋतुजाचं नाव त्यात नव्हतं. पाटी म्हणणाऱ्याचा मात्र फोटो होता.

मागच्या आठवड्यात अनिरुद्ध स्वतः आला. मंडळाचं प्रदर्शन भरणार आहे. मला काचेच्या पेटीत ठेवून समोर 'हात लावू नये' असं लिहायचं आहे. "मावशी, तुम्हाला याच्या बदल्यात नवा मोबाइल देतो," तो म्हणाला.

"ऋतुजाचे मोठे चौकोन आहेत त्यात?"

"अजून नाहीत. पण येतील लवकर."

"आले की या."

तो गेला. मला पुसायचं मात्र विसरला नाही.

आता माझ्या पडद्याची खालची ओळ अंधुक झाली आहे. सेल बदलायला उशीर झाला तर मी सगळं विसरतो, मग ऋतुजाला येऊन पुन्हा शिकवावं लागतं. किती दिवस निघतील, सांगता येत नाही. जुन्या वस्तूंवर जीव टाकणाऱ्यांनो, तुमच्यामुळे मी जगलो, हे मी नाकारत नाही. एवढंच मागणं आहे, आम्हाला जपण्याआधी कुणाला आमची गरज आहे का, तेवढं बघत जा. गरज असेल तर जपू नका, वापरू द्या. ओरखडे पडले तरी चालतील.

बरं, मला निघायला हवं. विमलाबाई येऊन बसल्या आहेत, मघापासून एकट्याच बोलताहेत, आणि इंदुबाईंना त्यांचं बोलणं मध्येच तोडायचं आहे.